तांब्याचे कडे, चुंबकाचे ब्रेसलेट आणि सांधेदुखी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

निफाडचा पारा उतरल्याच्या बातम्या येऊ लागल्या, की पंचवटीतील माझ्या औषधांच्या दुकानात वेदनाशामक मलमांची मागणी वाढते आणि तिच्यासोबत एक प्रश्नही हमखास येतो : ‘त्यापेक्षा कडे घालून पाहू का?’ विचारणाऱ्यांत द्राक्षबागेत छाटणीला जाणाऱ्या बाया असतात, सातपूर-अंबडच्या कारखान्यांतले कामगार असतात आणि निवृत्त शिक्षकही असतात. गल्ल्यावर उभ्याउभ्या नीट उत्तर देता येत नाही, म्हणून पुन्हा पुन्हा आलेले प्रश्न येथे एकत्र केले आहेत. एका उत्तरातील मुद्दा दुसऱ्या उत्तरात लागत असेल, तेथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. तांब्याचे किंवा चुंबकाचे कडे घातल्याने सांधेदुखी कमी होते का?

नाही. ज्या चाचण्यांमध्ये खरे कडे आणि हुबेहूब दिसणारे नकली कडे यांची काटेकोर तुलना झाली, त्यांचा एकत्रित निष्कर्ष असा आहे, की तांब्यामुळे किंवा चुंबकामुळे म्हणून वेगळा मिळणारा आणि रुग्णाला जाणवेल इतका आराम दिसत नाही. चाचण्यांचा तपशील प्रश्न ३ मध्ये दिला आहे. ‘पण मला तर फरक पडला’ असे ज्यांचे म्हणणे आहे, त्यांनी प्रश्न ४ आधी वाचला तरी चालेल.

२. माझे गुडघे दुखतात, शेजारणीची बोटे सुजतात. दोघींना एकच ‘वात’ आहे ना?

बहुधा नाही. बोलीभाषेत आपण साऱ्यालाच वात म्हणतो; पण वयोमानाने गुडघ्यातील कूर्चा, म्हणजे हाडांच्या टोकांवरचे गुळगुळीत आवरण, झिजल्यामुळे होणारा संधिवात वेगळा आणि शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच सांध्यांवर उलटल्यामुळे होणारा आमवात वेगळा. झिजेचे दुखणे साधारणपणे चालल्यावर, जिना चढल्यावर किंवा उकिडवे बसल्यावर वाढते आणि विश्रांतीने कमी होते. आमवातात दोन्ही हातांच्या बोटांचे लहान सांधे व मनगटे सुजतात आणि सकाळी उठल्यावर अर्धा-एक तास किंवा त्याहूनही अधिक काळ हात आखडलेले राहतात. हा आजार पुरुषांपेक्षा स्त्रियांमध्ये दोन ते तीन पट अधिक आढळतो. यांखेरीज युरिक ॲसिडमुळे पायाचा अंगठा रात्रीतून लालभडक होणारा गाऊट आहे, आणि चिकुनगुनियाचा ताप उतरल्यावर महिनोन्‌महिने रेंगाळणारी सांधेदुखी आहे. २००६ च्या साथीनंतर ती महाराष्ट्रात अनेक घरांनी अनुभवली.

हा फरक येथे आधीच सांगण्याचे कारण असे, की झिजेच्या दुखण्यात कड्यावर विसंबून सहा महिने गेले तर फार काही बिघडत नाही; आमवातात मात्र तेच सहा महिने सांधे वाचवण्याचे असतात.

३. हे कोणी शास्त्रीय पद्धतीने तपासले आहे का, की डॉक्टर उगाच नाही म्हणतात?

तपासले आहे, आणि एकदा नव्हे. सर्वांत उपयुक्त काम इंग्लंडमधील यॉर्क विद्यापीठातील संशोधकांचे आहे. त्यांनी २००९ मध्ये झिजेच्या संधिवाताच्या ४५ रुग्णांवर आणि २०१३ मध्ये आमवाताच्या ७० रुग्णांवर केलेल्या चाचण्या प्रसिद्ध केल्या. दुसऱ्या चाचणीत प्रत्येक रुग्णाने चार साधने आळीपाळीने, प्रत्येकी पाच आठवडे मनगटावर घातली : नेहमीच्या ताकदीच्या चुंबकाचा पट्टा, कमी ताकदीच्या चुंबकाचा पट्टा, चुंबकत्व काढून टाकलेला तसाच पट्टा आणि तांब्याचे कडे. या मांडणीत प्रत्येक रुग्णाची तुलना स्वतःशीच होते, त्यामुळे ‘त्याची प्रकृतीच वेगळी’ ही पळवाट उरत नाही. वेदना, सूज आणि आजाराची तीव्रता यांपैकी कशातही चुंबकाचा किंवा तांब्याचा अर्थपूर्ण फायदा आढळला नाही.

प्रामाणिकपणे सांगायचे तर उलट बाजूला बोट दाखवणारी एक चाचणीही आहे, आणि विक्रेते तिचाच दाखला देतात. २००४ च्या डिसेंबरमध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये ती छापून आली. खुबा किंवा गुडघा झिजलेल्या १९४ रुग्णांनी बारा आठवडे ब्रेसलेट घातले, आणि खरे चुंबक असलेल्या गटाची वेदना नकली ब्रेसलेटच्या गटापेक्षा अधिक कमी झाली. परंतु चुंबक ओळखणे फार सोपे असते; किल्लीजवळ मनगट नेले, की हातात खरे आहे की खोटे ते कळते. म्हणूनच हा परिणाम चुंबकाचा की विश्वासाचा, हे निश्चित सांगता येत नाही, असे त्या संशोधकांनी स्वतःच लिहून ठेवले आहे. विक्रेत्यांच्या पत्रकात नेमके तेवढे वाक्य गाळलेले असते. पुढे २००७ मध्ये कॅनडातील वैद्यकीय नियतकालिकात अशा अनेक चाचण्यांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. स्थिर चुंबकांनी वेदना कमी होतात या दाव्याला त्यातून आधार मिळाला नाही.

४. मी कडे घातले आणि महिन्याभरात दुखणे खरोखर कमी झाले. मग मी खोटे बोलतो आहे का?

अजिबात नाही. दुखणे कमी झाले हे खरेच असते. ते कशामुळे कमी झाले, एवढाच प्रश्न असतो.

कडे माणूस केव्हा विकत घेतो, याचा विचार करावा. दुखणे अगदी असह्य झाले, रात्रीची झोप उडाली, म्हणजेच आलेख शिखरावर असताना. सांधेदुखी मुळात चढउताराची असते, त्यामुळे शिखरानंतर उतार हा बहुधा येणारच असतो, आणि त्या उताराचे श्रेय हातात जे असेल त्याला मिळते. चिकुनगुनियानंतरची सांधेदुखी तर बहुतेकांच्या बाबतीत काही आठवड्यांत किंवा महिन्यांत आपोआप ओसरते. शिवाय कडे एकटे येत नाही : त्याच सुमारास मलम बदललेले असते, ऑक्टोबर छाटणीचे काम संपून शरीराला विश्रांती मिळालेली असते किंवा थंडी ओसरलेली असते.

यापलीकडे विश्वासाचा परिणाम असतो, आणि तो किती बलवान आहे हे फार पूर्वीच दिसून आले आहे. अमेरिकेतील एलिशा पर्किन्स या डॉक्टरने १७९६ मध्ये धातूच्या दोन टोकदार कांड्यांचे पेटंट घेतले. त्या दुखऱ्या भागावरून फिरवल्या की वेदना जातात असा त्याचा दावा होता. त्या कांड्या इंग्लंडातही गाजू लागल्यावर १७९९ मध्ये जॉन हेगार्थ या डॉक्टरांनी बाथ येथे अगदी तशाच दिसणाऱ्या लाकडी कांड्या करवून घेतल्या आणि जुनाट संधिवाताच्या पाच रुग्णांवर फिरवल्या. पाचांपैकी चौघांनी आराम पडल्याचे सांगितले! अलीकडच्या काळातही तेच घडले. ‘आयनयुक्त’ म्हणून विकल्या जाणाऱ्या ब्रेसलेटची चाचणी अमेरिकेतील मेयो क्लिनिकने ६१० जणांवर केली आणि २००२ मध्ये प्रसिद्ध केली. चार आठवड्यांनंतर खऱ्या ब्रेसलेटच्या गटालाही बरे वाटले आणि नकली ब्रेसलेटच्या गटालाही, दोघांना जवळपास सारखेच. त्यामुळे ‘मला फरक पडला’ हे विधान नकली ब्रेसलेटवालाही तितक्याच खरेपणाने करू शकतो.

५. रक्तात लोह असते. चुंबक ते ओढून रक्ताभिसरण वाढवत नाही का?

ही कल्पना ऐकायला पटते, म्हणूनच ती टिकून आहे. रक्तातील लोह खिळ्यातल्या लोखंडासारखे मोकळे नसते. ते हिमोग्लोबिनच्या रेणूत बांधलेले असते. प्राणवायू घेतलेले हिमोग्लोबिन चुंबकाकडे ओढले तर जात नाहीच, उलट अत्यंत क्षीणपणे दूर ढकलले जाते. प्राणवायू सोडलेले हिमोग्लोबिन तितक्याच नाममात्र प्रमाणात ओढले जाते. वाहत्या रक्तावर याचा जाणवण्याजोगा परिणाम होत नाही.

ताकदीचा हिशोबही पाहावा. वर उल्लेख केलेल्या २००४ च्या चाचणीतील ब्रेसलेटचे चुंबक सुमारे ०.१७ ते ०.२ टेस्ला (चुंबकीय क्षेत्राची ताकद मोजण्याचे एकक) इतके होते, तर एमआरआय यंत्राचे क्षेत्र सामान्यतः १.५ किंवा ३ टेस्ला असते, आणि त्यात माणूस नखशिखांत झोपवला जातो. चुंबकाने रक्त ओढले जात असते, तर एमआरआय करून आलेला प्रत्येक जण लालबुंद होऊन बाहेर पडला असता आणि त्याची सांधेदुखीही तेथेच राहिली असती. त्यातून लहान चुंबकाचे क्षेत्र अंतराबरोबर अतिशय वेगाने घटते. मनगटावरील चुंबकाचा प्रभाव गुडघ्यापर्यंत पोचेतो पृथ्वीच्या स्वतःच्या चुंबकीय क्षेत्राहूनही कमी झालेला असतो.

६. कडे घातलेल्या जागी त्वचा हिरवी होते. म्हणजे तांबे अंगात मुरते, असेच ना?

हिरवा डाग म्हणजे घामातील आम्ल व क्षार यांच्याशी तांब्याची अभिक्रिया होऊन तयार झालेले तांब्याचे क्षार होत. बिनकल्हईच्या भांड्यात ताक ठेवले की ते कळकते, हे आपल्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. मनगटावर तेच सौम्य प्रमाणात घडते. डाग साबणाने जातो आणि निरुपद्रवी असतो. त्यातले थोडेफार तांबे त्वचेतून आत जातही असेल. परंतु त्याने सांध्याला फायदा होतो असे म्हणायचे, तर सांधेदुखी तांब्याच्या कमतरतेमुळे होते असे आधी दाखवावे लागेल.

येथे गंमत अशी, की आमवाताच्या रुग्णांच्या रक्तात तांब्याचे प्रमाण सहसा कमी नव्हे, वाढलेले आढळते, कारण शरीरात दाह असला की तांबे वाहून नेणारे प्रथिन यकृत अधिक तयार करते. त्याहून मोठी गंमत म्हणजे पेनिसिलामाइन हे औषध पूर्वी आमवातावर बरेच वापरले जात असे, आणि त्याचा एक प्रमुख गुण शरीरातील तांबे लघवीवाटे बाहेर काढणे हा आहे. तांबे साचण्याच्या विल्सन्स आजारात ते याच कारणासाठी देतात. तांबे शरीराला लागते, पण प्रौढाला दिवसाकाठी साधारण एक मिलिग्रॅम पुरते आणि ते तीळ, शेंगदाणे व डाळींतून सहज मिळते.

७. मग तांब्याच्या भांड्यातले पाणी आणि ताम्रभस्म यांचे काय?

ते दोन्ही विषय वेगळे आहेत आणि त्यांवरून कड्याबद्दल काही सिद्ध होत नाही. तांब्याच्या भांड्यात रात्रभर ठेवलेल्या पाण्यातील काही जिवाणू मरतात हे प्रयोगांत दिसले आहे. त्याचा संबंध पोटाच्या आजारांशी आहे, सांध्यांशी नाही. ताम्रभस्म हे पोटात घेण्याचे औषध आहे आणि ते वैद्यांच्या देखरेखीशिवाय घेऊ नये.

८. आम्ही बागेत मोरचूद मारतो. तांब्याने रोग हटतो हे डोळ्यांनी पाहतो. मग सांध्यातला रोग का हटणार नाही?

दिंडोरी-निफाडकडील बागायतदार हा प्रश्न विचारतात आणि तो मला फार आवडतो, कारण त्यात निरीक्षण आहे. मोरचूद (तांब्याचाच एक क्षार) आणि चुना यांचे बोर्डो मिश्रण पानावर पडते तेव्हा तांबे द्राक्षवेलीवरील डाऊनी रोगाच्या बुरशीला थेट भिडते आणि तिचे बीजाणू मारते. झिजेच्या किंवा आमवाताच्या सांध्यात मारण्यासारखी बुरशी नसते. एका ठिकाणी कूर्चा झिजलेली असते, दुसऱ्या ठिकाणी आपल्याच पेशी दाह करत असतात. शिवाय, तांब्याच्या नुसत्या सान्निध्याने सांधे सुधारत असते, तर हंगामभर मोरचुदात हात घालणाऱ्या माणसाने माझ्याकडे गुडघ्याचे मलम मागायला यायलाच नको होते.

९. मनगटाचे सोडा, जास्त गॉसचे चुंबक, चुंबकीय गादी किंवा गुडघ्याचा पट्टा घेतला तर?

गॉसचा आकडा वाढला की किंमत वाढते, परिणाम वाढत नाही. दहा हजार गॉस म्हणजे एक टेस्ला. त्याहून कितीतरी मोठ्या क्षेत्राचा दाखला प्रश्न ५ मध्ये आलाच आहे. चुंबकीय गाद्या बहुधा ओळखीच्या किंवा नात्यातल्या माणसामार्फत, साखळी पद्धतीने विकल्या जातात आणि नात्यापोटी नाही म्हणता येत नाही, हे त्यांच्या खपाचे खरे कारण असावे असे माझे मत आहे.

गुडघ्याच्या पट्ट्याबाबत मात्र एक अपवाद नोंदवावा लागेल. घट्टसर पट्ट्याने सांध्याला आधार मिळतो, ऊब मिळते आणि पाऊल जपून पडते, त्यामुळे काहींना खरोखर बरे वाटते. हे काम चुंबक नसलेला साधा पट्टाही करतो.

१०. कडे घातल्याने अपाय तर होत नाही ना? मग घालून पाहायला काय हरकत आहे?

बहुतेकांना अपाय होत नाही. पुढील व्यक्तींनी मात्र सावध राहिले पाहिजे.

ज्यांच्या छातीत पेसमेकर किंवा हृदयाला झटका देऊन ठोके पूर्ववत करणारे यंत्र बसवले आहे, त्यांनी चुंबकीय दागिना घालूच नये. चुंबक त्या यंत्रापासून किमान १५ सेंटिमीटर दूर असावा लागतो, आणि झोपेत मनगट छातीवर येते तेव्हा हे अंतर राहत नाही. इन्सुलिन पंप किंवा मेंदूतील पाणी वळवणारी, बाहेरून जुळवता येणारी झडप असलेल्यांनाही हेच लागू आहे. साध्या तांब्याच्या कड्याला ही अडचण नाही. एमआरआयच्या वेळी मात्र तांबे असो वा चुंबक, सारे काढून ठेवावे.

लेथ, प्रेस किंवा फिरत्या यंत्रावर काम करणाऱ्यांनी पाळीवर कोणतेही कडे घालू नये. येथे सांध्यापेक्षा हाताचा प्रश्न असतो.

ब्रेसलेटमधून सुटलेले लहान चुंबक घरातील बाळाने गिळले, तर ती आणीबाणी समजावी. दोन चुंबक आतड्याच्या वेगवेगळ्या वळणांतून एकमेकांना चिकटले, की मधली आतडी दाबली जाऊन तिला भोक पडू शकते. मूल ठीक दिसत असले तरी त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

स्वस्त मिश्रधातूत निकेल असल्यास त्वचेवर पुरळ व खाज येऊ शकते.

११. आमवाताच्या गोळ्या चालू ठेवून सोबत कडे घातले तर चालेल का?

चालेल, फक्त गोळ्या चालू ठेवण्याची अट पाळावी. खरी हानी कड्याने होत नाही. कडे घातल्यावर ‘आता बरे वाटते आहे, गोळ्या थांबवून पाहू’ या विचाराने होते. मेथोट्रेक्सेटसारखी औषधे वेदना दाबण्यासाठी नसून सांध्याचा नाश रोखण्यासाठी असतात, आणि ती बंद केल्याचा परिणाम दिसायला काही आठवडे लागतात, त्यामुळे दोष कोणाचा हेही कळत नाही. जाता जाता औषधविक्रेता म्हणून एक सांगतो : आमवातासाठी मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते, रोज नाही. ही चूक जिवावर बेतते, म्हणून गोळीचा वार चिठ्ठीवर लिहून घ्यावा.

१२. बाजारातले कडे खरे तांब्याचे आहे का, हे घरी कसे ओळखावे?

तांब्याला चुंबक चिकटत नाही. चिकटला, तर आत लोखंड आहे आणि वर तांब्याचा मुलामा आहे, किंवा टोकांना चुंबक बसवलेले आहेत. हौस म्हणून घ्यायचे असेल, तर भांडी बाजारात ओळखीच्या दुकानदाराकडून वजनावर साधे कडे घ्यावे. ते ‘आरोग्यवर्धक’ असा शिक्का मारलेल्या डबीतल्या कड्यापेक्षा पुष्कळ स्वस्त पडते.

१३. जाहिरातीत ‘संधिवात मुळापासून बरा’ असे छापलेले असते. हे कायद्याने चालते का?

‘ड्रग्ज अँड मॅजिक रेमेडीज’ या नावाने ओळखला जाणारा १९५४ चा केंद्रीय कायदा नेमका अशाच जाहिरातींसाठी आहे. त्याच्या परिशिष्टात ज्या आजारांवर उपचाराचे दावे जाहिरातीत करण्यास मनाई आहे, त्यांत संधिवाताचा समावेश आहे; शिवाय चमत्कारी उपायांच्या व्याख्येत तावीज, मंत्र व कवच हे शब्द स्पष्टपणे आले आहेत. पहिल्या गुन्ह्यासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकते. दाव्याला भुलून पैसे गेले असतील, तर जाहिरातीचे कात्रण व पावती जपून ठेवावी आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर किंवा जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागावी. पावती न देणाऱ्या फिरत्या विक्रेत्याच्या बाबतीत हात टेकावे लागतात, हेही खरे आहे.

१४. कडे नाही, तर मग दुखण्यावर करायचे काय?

गुडघ्याची झीज असेल, तर मांडीच्या पुढच्या स्नायूला बळ देणारा व्यायाम हा सर्वांत भरवशाचा उपाय आहे. खुर्चीवर ताठ बसून एक पाय सरळ करावा, पाच-सहा सेकंद तसाच धरावा, सावकाश खाली आणावा, आणि असे दोन्ही पायांनी रोज दहा-दहा वेळा करावे. फरक दिसायला सहा ते आठ आठवडे द्यावे लागतात. वजन जास्त असल्यास ते उतरवण्याचा लाभ अपेक्षेहून मोठा असतो : अमेरिकेत २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात शरीराचे वजन एक किलोने घटले, की प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरील भार सुमारे चार किलोने घटतो असे दिसले. डायक्लोफिनॅकचे मलम गुडघ्यासाठी व हातांसाठी उपयोगी पडते. वेदनाशामक गोळ्या मात्र आठवडेच्या आठवडे स्वतःच्या मनाने घेऊ नयेत; जठर आणि मूत्रपिंड त्यांची किंमत मोजतात, आणि रक्तदाब किंवा मधुमेह असेल तर ती अधिकच मोजावी लागते.

सकाळचा ताठरपणा रेंगाळत असेल आणि हातांचे लहान सांधे सुजत असतील, तर मलम व व्यायामात वेळ न दवडता संधिवाततज्ज्ञांकडे जावे. एकच सांधा अचानक गरम, लाल होऊन ताप आला, तर दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नये, कारण सांध्यात पू झालेला असू शकतो.

१५. आईने त्र्यंबकेश्वरहून आणलेले तांब्याचे कडे वीस वर्षे हातात आहे. तिला ते काढायला सांगावे का?

सांगू नये. ते कडे तिच्या श्रद्धेचे आहे, आणि प्रश्न १० मधील कोणतीही अडचण नसेल तर त्याने तिचे काही बिघडत नाही. विचारायचेच असेल, तर कड्याविषयी न विचारता गोळ्यांविषयी विचारावे : डॉक्टरांनी दिलेल्यांपैकी कोणती बंद केली, केव्हापासून आणि का. पुष्कळदा उत्तर ‘पित्त होते’ किंवा ‘महाग पडते’ असे निघते, आणि या दोन्हींवर डॉक्टरांकडे तोड असते. कड्याकडे लक्ष द्यावे ते एवढ्यापुरतेच, की बोटे किंवा मनगट सुजू लागले आणि कडे रुतू लागले, तर साबणाचे पाणी लावून ते वेळीच उतरवावे. निघत नसेल, तर ओढाताण न करता सराफाकडून कापून घ्यावे. सूज उतरल्यावर तोच ते पुन्हा जोडून देतो.